वय ७८, मर्यादा १२५

रात्री दीडला आई पलंगावर उठून बसली. "आडवं झालं की धाप लागतेय गं." पाऊण तासात आम्ही कॅज्युअल्टीत होतो. तिथला कोवळा डॉक्टर तिला 'आजी' म्हणाला, तेव्हा तेवढ्या धापेतही तिने माझ्याकडे बघून भुवई उडवली. म्हणजे फार काही नसावं, अशी मी माझी समजूत घातली.

समजूत तासभर टिकली. रिपोर्टवर ठळक अक्षरांत छापलं होतं, एनटी-प्रोबीएनपी १,१४०. शेजारी मर्यादा, १२५. नऊपट! हृदयाच्या स्नायूवर ताण आला की तो हे द्रव्य रक्तात सोडतो, एवढं मोबाइलवर वाचून झालं होतं. (त्याचं भावंड बीएनपी १९८८ साली जपानी संशोधकांना आधी सापडलं डुकराच्या मेंदूत. बनतं ते मुख्यतः हृदयात, पण नावाला 'ब्रेन' चिकटला तो चिकटलाच.)

डॉक्टर मात्र शांत. म्हणाला, हा १२५ ओपीडीत चालत येणाऱ्यांसाठी. धाप लागून आलेल्यांचा हिशोब वेगळा. ३००च्या खाली असेल तर हार्ट फेल्युअर बहुधा नाही. ते आहे म्हणायला पन्नाशीच्या आतल्याला ४५० पुरतात, पन्नास ते पंचाहत्तरला ९०० लागतात आणि पंचाहत्तरीपुढे १,८००. वयाबरोबर हृदयाची भिंत ताठर होते, मूत्रपिंडंही सुस्तावतात, त्यामुळे ठणठणीत म्हाताऱ्यांतही हा आकडा चढलेलाच असतो. आईचा मधेच लोंबकळत होता. तेवढाच चाळिशीतल्या कुणाचा असता, तर डॉक्टर इतका निवांत उभा राहिला नसता.

ट्रोपोनिनचंही तेच. मर्यादा १४, आईचं २२. हृदयविकाराचा झटका ओळखायची ही चाचणी आता इतकी संवेदनशील झालीय, की उतारवयात झटका नसतानाही आकडा थोडा वर दिसतो. म्हणून एका आकड्यावर न जाता तो हलतोय का, हे बघतात. तीन तासांनी पुन्हा रक्त घेतलं. २३. हललाच नव्हता. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या तळाशी डाग दिसला आणि निमोनिया निघाला. टूडी एकोत भिंत जराशी ताठर, पंपिंग ठीक.

आठवड्याने घरी आल्यावर मी तिची जुनी फाइल जेवणाच्या टेबलावर पसरली. सेहेचाळिसाव्या वर्षी एलडीएल १०४. त्रेपन्नाव्या वर्षी, पाळी गेल्यानंतर, १४९. तेव्हा घरात सगळ्यांनी मिळून तिचं तूप बंद केलं होतं, मीही त्यात होते. खरं तर इस्ट्रोजेन असतं तोवर यकृत रक्तातलं एलडीएल जोमाने उचलतं; ते ओसरलं की हा उठाव मंदावतो. म्हणून पन्नाशीपर्यंत पुरुषांच्या मागे असलेल्या बायका नंतर त्यांना गाठतात, मागेही टाकतात. तूप बिचारं उगाच बदनाम झालं, असं नाही म्हणणार मी. पण सगळा दोष त्याचा नव्हता.

पुढे स्टॅटिन सुरू झालं, आकडा नव्वदीत स्थिरावला. मग गेल्या वर्षी, गोळी तीच असताना, एकदम ६४. आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो. आमच्या फिजिशियननी रिपोर्ट बाजूला ठेवून विचारलं, "वजन किती?" चार किलो उतरलं होतं. सत्तरीनंतर कोलेस्टेरॉल आपसूकही घसरतं. कधी त्यामागे खाणं कमी झालेलं असतं, कधी लपलेलं आजारपण. आई संध्याकाळचं जेवण दुधावर भागवत होती, हे तेव्हा कळलं.

या खेपेला त्यांनी माझीही चाचणी लिहून दिली, लायपोप्रोटीन ए. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी १९६३ मध्ये शोधलेला हा कण बहुतांशी आईबापांकडून येतो आणि वयाबरोबर फारसा बदलत नाही. जन्मात एकदा मोजला की बहुतेकांना पुरतो.

सकाळी सातला लॅबचा मुलगा घरी आला. आमच्या दोघींचं रक्त घेतलं, नळ्यांवर चिकटपट्ट्या लावल्या, ७८ आणि ५१. आई त्याला विचारत होती, की लिपिडला हल्ली उपाशी राहावं लागत नाही म्हणतात, मग चहा का अडवलास? साखरही बघायची होती, त्याने सांगितलं. "मग आधी सुई काढ," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली, "आधण ठेव."