उशीखालचे केस

१९ जून, बुधवार
लेकीला वेणी घालायला बसवलं, तर डाव्या कानाच्या वर रुपयाएवढी जागा मोकळी. हात फिरवला तर खुंट टोचतात, काही आखूड, काही लांब. सासूबाई म्हणाल्या, चाई लागली. रात्री अभ्रा बदलताना उशीखाली केसांचा पुंजका सापडला. "मी नाही उपटत गं आई," म्हणाली. खोटं बोलते म्हणून पाठीत धपाटा घातला.

२२ जून, शनिवार
त्वचेच्या डॉक्टरबाईंनी भिंगातून पाहिलं. चाईत जागा गुळगुळीत होते. इथे केस तुटलेले आहेत, म्हणजे ते ओढले जाताहेत. या आजाराला ट्रायकोटिलोमेनिया म्हणतात. आलोपो नावाच्या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञानं हे नाव १८८९ साली दिलं. मग बाईंनी लेकीला हळूच विचारलं, "केस गिळतेस का गं?" केस पचत नाहीत, पोटात त्यांचा गोळा होतो, तो कधी कधी ऑपरेशन करून काढावा लागतो. माझ्या पोटात गोळा आला. लेक म्हणाली, "नाही, ओठांवरून फिरवते फक्त. टोकाला पांढरं असतं ना, ते गार लागतं."
नऊ वर्षांची आहे. हे सगळं ती एकटीच करत होती.

२९ जून, शनिवार
आज मानसोपचारतज्ज्ञांकडे. हा आजार मंत्रचळाच्या कुळातला, पण तसाच नव्हे. नखं खाणं, कातडी सोलणं ही त्याची जवळची भावंडं. सोबत चिंता किंवा उदासी आहे का, तेही बघावं लागतं. काही मुलं ताणापोटी ओढतात, काही नुसती कंटाळून. पुष्कळदा हात डोक्यात गेलाय हे त्यांना कळतच नाही.
म्हणजे ती खोटं बोलत नव्हती. तो धपाटा मला फार लागतोय. घरी आल्यावर तिची माफी मागितली.

४ जुलै, गुरुवार
वहीत टिपतोय: हात कधी जातो? टीव्हीसमोर, झोपताना, आणि सगळ्यात जास्त गणित करताना. हात गेला की मूठ घट्ट वळून मिनिटभर धरायची. अझ्रिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडलेल्या सवयमोडीच्या उपचारातला हा भाग. मी पोळ्या करताना ती ओट्याशी पाढे म्हणते, हातात कणकेचा गोळा. तेराच्या पाढ्याला गोळा अगदी चपटा होतो.

१४ जुलै, रविवार
लग्नाला गेलो होतो. कुणीतरी म्हणालं, एकदा गोटा करून टाका, खोड मोडेल. सासूबाई पुढे झाल्या. "खोड नाही ती," एवढंच बोलल्या आणि नातीला पंगतीत आपल्याजवळ बसवलं.

२ ऑगस्ट, शुक्रवार
तीन आठवडे बरे गेले होते. आज टाळूजवळ नवी जागा दिसली. मी काही बोलायच्या आत तिनंच मूठ उघडली आणि केस माझ्या तळहातावर ठेवले. "सात आहेत, आई."
का, असं नाही विचारलं. कधी, एवढंच विचारलं.
"भागाकार करताना."
वहीत लिहून घेतलं.