गुलाबाचा डीपी

2022 सालची गोष्ट. दहावीच्या बोर्डाचे फॉर्म भरणं चाललं होतं. मुलींनी आपापले फोटो माझ्या मोबाइलवर पाठवायचे, असं ठरलं होतं. त्यातला एक फोटो मी बराच वेळ बघत बसले. गोरापान चेहरा, मोठाले डोळे, निमुळती हनुवटी. खाली नाव वाचलं तेव्हा कळलं ही कोण ते. तिच्या गालावरचा तीळसुद्धा गायब होता.

दुसऱ्या दिवशी तिला बोलावून म्हटलं, "अगं, हा फोटो बोर्डाला कसा चालेल? ही तू वाटतच नाहीस."

ती हसली नाही. म्हणाली, "मॅडम, असली फोटो मत डालो बोलके तुमीच बोले थे ना?"

बोलले होते. त्याच वर्षीच्या जानेवारीत.

1 जानेवारी 2022 ला 'बुल्ली बाई' नावाचं अ‍ॅप उघडकीला आलं. मुस्लिम स्त्रियांचे फोटो सोशल मीडियावरून उचलून तिथे त्यांचा 'लिलाव' मांडला होता. शंभराच्या आसपास बायका, त्यात पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या. आधीच्या जुलैत 'सुल्ली डील्स' नावाने हेच घडून गेलं होतं. विक्री काही होत नव्हती, फक्त अपमान करायचा होता. मुंबई पोलिसांनी ज्यांना पकडलं त्यांत कॉलेजच्या वयाची पोरं होती, एक मुलगीही होती. बातम्या वाचून माझी झोप उडाली. मी पालकांच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला. मुलींचे फोटो स्टेटसवरून, डीपीवरून ताबडतोब काढा.

आठवड्याभरात ग्रुपवर बाग फुलली. कुणाचा गुलाब, कुणाचा काबा शरीफ, कुणाचं भाच्याचं बाळ. मीही गुलाबच लावला. बरं वाटलं मला तेव्हा, खोटं कशाला बोलू?

मग 10 जानेवारीपासून ओमिक्रॉनमुळे शाळा पुन्हा बंद झाल्या. नववीचे तास मोबाइलवर आले आणि ही मुलगी तासाला दिसेना. चौकशी केली. तिच्या अब्बांनी माझा मेसेज वाचला होता. फोटो काढता काढता त्यांनी तिच्या हातातला मोबाइलच काढून घेतला होता. मोबाइल भावाकडे गेला. त्याचे सेल्फी रोज स्टेटसला दिसत होते, त्याला कुणी काही म्हणत नव्हतं. मीही म्हटलं नव्हतं. माझ्या मेसेजमध्ये मुलग्यांसाठी एक ओळ नव्हती. मी दोनदा त्यांच्या घरी जाऊन आले. शाळा उघडल्यावर ती आली, पण पहिल्या बाकावरची मुलगी शेवटच्या बाकावर जाऊन बसली.

त्यानंतर मी या सेल्फीच्या वेडाकडे जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागले. आमच्या कुंभारीत गोदूताई परुळेकर वसाहत आहे, विडी कामगार बायकांची दहा हजार घरं. 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्या घरांचं वाटप झालं. या बायांचे फोटो कधी नीट बघा. विडी कामगाराच्या कार्डावरचा, रेशनचा, आधारचा. सगळे कुणाच्या तरी कामासाठी, कुणीतरी "इकडे बघा" म्हणून घाईत काढलेले. डोळे अर्धे मिटलेले, पदर किंवा दुपट्टा सरकलेला. हजार विड्या वळून मान वर करणाऱ्या बाईला, तुला कसं दिसायचंय, हे कुणी विचारलं नाही. तिची मुलगी आता स्वतःच स्वतःचा फोटो काढते, दहा काढते, नऊ पुसते. आमच्या शेजारच्या तेलुगू घरांतल्या मुलीही तेच करतात. यात मला आता निर्लज्जपणा दिसत नाही.

खटकतो तो फिल्टर. तो न विचारता रंग उजळतो, नाक बारीक करतो. मग मुलगी आरशात बघते तेव्हा तिला काहीतरी कमी पडल्यासारखं वाटतं. 2021 मध्ये फेसबुक कंपनीच्या आतले कागद 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने छापले. ज्या किशोरवयीन मुलींना आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत होतं, त्यांतल्या 32 टक्के मुलींनी सांगितलं होतं की इन्स्टाग्राममुळे ते जास्तच वाटतं. कंपनीला हे माहीत होतं.

पण नुसत्या कंपनीला बोल लावून कसं चालेल? माझा स्थळासाठीचा फोटो सोलापुरातल्या एका स्टुडिओत काढला होता. अम्मी फोटोवाल्याला म्हणाली, "जरा साफ रंग आने दो." त्याने आणला. सासरच्या पहिल्या भेटीत एक खाला माझ्याकडे बघून, मग फोटोकडे बघून गप्प बसली. ती गप्प बसणं मला वीस वर्षांनी आजही आठवतं. आम्ही विसरून जातो की "रंग कैसा है?" हे आम्हीच विचारत आलो, मोबाइल यायच्या कितीतरी आधीपासून.

आता मी वर्गात "फोटो टाकू नका" म्हणत नाही. प्रोफाइल लॉक कसं करायचं, कुणी छळलं तर स्क्रीनशॉट पुसायचा नाही, सायबर पोलिसांकडे तक्रार कशी करायची, ते दाखवते. मुलग्यांनाही बसवते. दुसऱ्याच्या बहिणीचा फोटो पुढे पाठवणं म्हणजे काय, हे त्यांना घरी कुणी सांगत नाही.

त्या दिवशी तिला वऱ्हांड्यात पांढऱ्या भिंतीपुढे उभी केली आणि मोबाइल उचलला. ती म्हणाली, "मैं निकालतूं ना, मॅडम." दिला तिच्या हातात. तिने अकरा फोटो काढले, दहा पुसले. उरलेल्यात तीळ होता. तोच फॉर्मला लागला, तोच हॉल तिकिटावर आला.

परीक्षेनंतर तिनं तो डीपीला लावला. माझा डीपी मात्र अजून गुलाबच आहे.