काऊंटरवरचे तिकीट

अमेरिकेत स्वस्त विमानकंपन्यांचे तिकीट विमानतळावरच्या काऊंटरवर आणखी स्वस्त पडते, हे कोकणातून आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना खरे वाटत नाही. मोबाईलवर दोन मिनिटांत होणारे काम सोडून गाडी काढायची कशाला, असे ते विचारतात.

याचे मूळ करात आहे. देशांतर्गत विमानभाड्यावर तिथले केंद्र सरकार ७.५ टक्के कर घेते. प्रवाशाने स्वखुशीने घेतलेल्या जादा सोयीच्या शुल्कावर मात्र हा कर लागत नाही. म्हणून स्पिरिट, अलेजियंट, फ्रंटियर अशा कंपन्यांनी भाड्यातलाच एक तुकडा वेगळा काढला आणि त्याला ऑनलाइन तिकिटाचे शुल्क ठरवले. शुल्क ऐच्छिक म्हणायचे, तर ते टाळायची एक वाट उघडी ठेवावीच लागते. ती वाट म्हणजे काऊंटर. माणशी, एका बाजूच्या प्रवासाला, साधारण २० डॉलर वाचतात.

एकट्या माणसाने यासाठी तासभर गाडी हाकू नये. पेट्रोल आणि पार्किंगमध्येच बचत जाते. कुटुंबाचा हिशेब वेगळा. अम्मींची धाकटी बहीण ओहायोत अंथरुणाला खिळली, तेव्हा आम्ही फ्लोरिडात होतो. इयादतीला जाणे भागच होते, पण महिन्याच्या पैशांत चारच तिकिटे बसत होती. मोठ्या मुलीला शेजाऱ्यांकडे ठेवायचे ठरत होते, आणि लहानपणी तिला सांभाळले होते ते याच खालांनी. काऊंटरवर पाच जणांची जाण्या-येण्याची तिकिटे काढली. २०० डॉलरच्या आसपास वाचले आणि पाचवे तिकीट जवळजवळ त्यातच निघाले. अल्हम्दुलिल्लाह, मुलगी सोबत आली.

हे जायज आहे का, असे एका नातेवाइकाने विचारले होते. कंपनीनेच ठेवलेल्या दारातून गेलो, त्यात चोरी कसली? आमची तक्रार आहे ती उलट बाजूची. ज्याच्याकडे गाडी नाही, ज्याला नोकरीतून सुट्टी मिळत नाही, त्या म्हाताऱ्याला किंवा मजुराला हे ‘ऐच्छिक’ शुल्क भरावेच लागते. मापात पाप नसेल कदाचित, पण माप सगळ्यांना सारखे नाही.

जाण्याआधी काऊंटरची वेळ विचारून घ्यावी. लहान विमानतळांवर तिकीट विक्री ठरावीक वारी, मोजके तासच चालते. विमानाचा क्रमांक, तारीख आणि ऑनलाइन दिसणारा दर कागदावर उतरवून न्यावा. पोहोचेपर्यंत भाडे वाढलेलेही असू शकते. कुणाला सोडायला विमानतळावर जाणार असाल, तर त्याच फेरीत हे काम उरकावे. सामानाचे पैसे वेगळे लागतात. ते तिकिटासोबतच भरावेत, ऐन विमानाच्या दारात ते सर्वांत महाग पडतात. सीटखाली मावेल अशी एक पिशवी मात्र फुकट नेता येते. खालांसाठी केलेली सांदणे त्याच पिशवीतून गेली.