दाताचं वय, धावेचं वय

घोड्याचं तोंड उघडायला ताकद लागत नाही. एक हात नाकाडावर ठेवायचा आणि दुसऱ्या हाताचा अंगठा ओठांच्या कोपऱ्यातून, जिथे दात नसतात त्या मोकळ्या जागेत हळूच सारायचा. घोडा आपणहून जबडा सैल करतो. मग खालचे पुढचे सहा दात नीट दिसतात.

परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात मी हे शिकलो, पण हात बसला तो पालम-गंगाखेडच्या वाड्यातांड्यांवर आणि शेजारच्या लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत. मार्गशीर्षातल्या खंडोबाच्या या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथल्या बहुतेक जनावरांच्या जन्माचा कागद नसतो. विकणारा ‘तीन सालाचा’ म्हणतो आणि घेणारा आमच्याकडे बघतो. मधली दुधाची जोडी अडीच वर्षांच्या सुमारास पडून पक्के दात येतात, त्यांच्या शेजारची जोडी साडेतीनला, कडेची साडेचारला. पाचव्या वर्षी तोंड भरतं. पुढे दातांवरचे खळगे झिजत जातात, तेही मधून कडेकडे, साधारण सहाव्या वर्षापासून आठव्यापर्यंत. बैलांच्या बाबतीत ही विद्या आमच्या शेतकऱ्याला शिकवावी लागत नाही. आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला ही मोजणी त्याच्या रोजच्या बोलण्यातली आहे.

शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांना दातांच्या साक्षीची गरज उरलेली नाही. पुण्यातल्या स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडियाकडे शिंगराची नोंद होते, डीएनए तपासून आईबाप पडताळले जातात, मानेत मायक्रोचिप बसते. जन्मतारीख पक्की असते आणि तरीही शर्यतीचं वय त्या तारखेवरून धरत नाहीत. उत्तर गोलार्धात सगळ्या थरोब्रेडचं वय 1 जानेवारीला एका वर्षानं वाढतं, दक्षिण गोलार्धातल्या बऱ्याच देशांत 1 ऑगस्टला. डिसेंबरच्या अखेरीस जन्मलेलं शिंगरू चार दिवसांत कागदावर वर्षाचं होईल. घोडी अकरा महिने गाभण असते, म्हणून तिला घोडा दाखवण्याची वेळ स्टड फार्मवर हिशेबानं ठरते. शिंगरं वर्षाच्या पहिल्या चार महिन्यांत यावीत, असं बघतात.

या नियमाच्या बाजूनं मी ठामपणे उभा राहीन, कारण मोठ्या शर्यतींचा अर्थच त्यावर उभा आहे. डर्बी घोड्याच्या आयुष्यात एकदाच येते. त्या साली जन्मलेल्यांतला सर्वांत चांगला कोण, एवढाच तिचा प्रश्न असतो. इंग्लंडमध्ये 1780 पासून चालत आलेली एप्सम डर्बी जूनच्या सुरुवातीला होते आणि तिच्यात तीन वर्षांचे घोडे धावतात. आपली इंडियन डर्बी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर फेब्रुवारीत, चार वर्षांच्या घोड्यांसाठी. आपल्याकडची मालिका नववर्षाच्या दोन्ही बाजूंना पसरलेली आहे. डिसेंबरात 1600 मीटरची टू थाउजंड गिनीज धावताना घोडा तीन वर्षांचा असतो. 1 जानेवारी उलटली की तोच चारचा होतो आणि फेब्रुवारीत 2400 मीटर धावतो. मग सप्टेंबरात पुण्याला 2800 मीटरची सेंट लेजर. या तिन्ही जिंकणाऱ्याला तिहेरी मुकुट. फक्त घोड्यांच्या माद्यांसाठी वन थाउजंड गिनीज आणि ओक्स या वेगळ्या शर्यती आहेत. पण मादीला डर्बीही खुली असते आणि तिच्या पाठीवर नरापेक्षा दीड किलो वजन कमी ठेवतात. 1943 साली पहिली इंडियन डर्बी जिंकली ती प्रिन्सेस ब्यूटिफुल या मादीनंच. ती बडोद्याच्या महाराजांची होती आणि जॉकी होता एडगर ब्रिट.

एप्समच्या घोड्यापेक्षा आपला डर्बीचा घोडा सात-आठ महिन्यांनी मोठा असतो. पशुवैद्याच्या लेखी हे महिने फार मोलाचे आहेत. पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वर हाडाच्या टोकाशी वाढीचा कूर्चेचा पट्टा असतो. तो दोन ते अडीच वर्षांच्या दरम्यान भरून हाड होतो, आणि भरला की नाही ते एक्स-रेत दिसतं. दोन वर्षांच्या घोड्याला वेगात पळवायला घाई केली तर पुढच्या पायाच्या नळीच्या हाडाचा दर्शनी भाग सुजतो, दुखतो. याचा अर्थ पोराला तबेल्यात बांधून ठेवावं असाही नव्हे. बेताबेतानं दिलेल्या व्यायामानं कोवळं हाड घट्ट होतं. फेब्रुवारीतलं आणि एप्रिलअखेरचं शिंगरू कागदावर एकाच वयाचं असलं, तरी दोघांना एकाच दिवशी एकाच वेगानं पळवायचं की नाही, हे मात्र गुडघ्याला हात लावून आणि एक्स-रे बघूनच ठरवावं. शर्यतीत कोणी उतरावं, हे नियम सांगतो. घोडा तयार आहे का, हे सांगण्याचं काम आमचं.

हे सगळं परभणीत बसून लिहिण्याचं कारण आहे. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2021 मध्ये अटींसह परवानगी दिल्यापासून आणि मे 2023 मध्ये राज्याचा कायदा वैध ठरवल्यापासून बैलांच्या शर्यती आणि शंकरपट पुन्हा उभे राहिले आहेत. त्यांतही आदत, दुसा, चौसा असे दातांवरून गट पाडतात. म्हणजे थरोब्रेडच्या जगानं कागदावर बसवलेलं तत्त्व आपल्याकडे तोंड उघडून पाळलं जातं. पण दात फक्त गट सांगतो. एकाच गटातल्या दोन गोऱ्ह्यांत कित्येक महिन्यांचं अंतर असू शकतं, आणि आदत गटातलं गोऱ्हं अजून वाढीला लागलेलं असतं.

म्हणून मालकांना माझं सांगणं आहे. घोडी व्यायली किंवा गाय व्यायली, तर त्याच दिवशी तारीख वहीत लिहून ठेवा. बक्षिसाचा आकडा ऐकून कोवळ्या जनावराला पटावर आणू नका. पळवण्याआधी त्याचे पाय जवळच्या पशुवैद्याला दाखवा, आणि तो थांबा म्हणाला तर एक हंगाम थांबा.