चाळिशींतील विद्यार्थिदशा

व्यवसाय हा आडनांवासारखा असतो, एकदां लागला कीं जन्मभर सुटावयाचा नाहीं, अशी समजूत आमच्या पिढीपर्यंत घरोघर होती. मास्तर तो मास्तर, कारकून तो कारकून. मीं स्वतः चौतीस वर्षें एकाच शाळेंत संस्कृत व मराठी शिकविलें, आणि निवृत्तीच्या दिवशीं माझ्या सदऱ्यावर जी खडूची पूड होती ती बहुधा पहिल्या दिवसापासूनचीच असावी. मॅट्रिकपुढें इंग्रजी विद्येच्या वाटेस मी गेलों नाहीं. पुढील सारें शिक्षण पाठशाळेंत झालें. असा मनुष्य 'डेटा सायन्स' या विषयावर लेखणी उचलतो हें पाहून कांहीं वाचकांस हसूं येईल. परंतु हा विषय माझ्या घरांत शिरून तीन वर्षें होत आलीं, आणि असा प्रसंग आतां पुष्कळ घरांवर येत आहे. तेव्हां जें पाहिलें तें सांगण्यास हरकत नसावी.

आमच्या धाकट्या सूनबाईंनीं अठरा वर्षें जनसंपर्काचें काम केलें. आरंभीं त्या एका वृत्तपत्रांत उपसंपादक होत्या, पुढें एका मोठ्या कंपनीच्या कचेरींत गेल्या. पत्रकें लिहावीं, वरिष्ठांचीं भाषणें तयार करावीं, वार्षिक अहवालाची भाषा सुधारावी, अशा प्रकारचें तें काम. त्यांची मराठी माझ्या कानाला गोड लागते, आणि संस्कृतच्या मास्तराकडून हें प्रमाणपत्र सहसा मिळत नाहीं. एके वर्षीं अमुक योजनेचा लाभ किती कुटुंबांस झाला तो आंकडा अहवालांत छापावयाचा होता. आंकडा वरून आला. सूनबाईंनीं विचारलें, "हा मोजला कोणीं?" खालपासून वरपर्यंत कोणासच सांगतां येईना. मागील वर्षाच्या आंकड्यावर अंदाजानें भर घालून तो सिद्ध केला होता, असें अखेर निघालें. आणि तसाच तो गुळगुळीत कागदावर छापला गेला. रात्रीं पानांवर बसलों असतां त्या म्हणाल्या, "मामंजी, इतकीं वर्षें लोकांनीं दिलेले आंकडे मी वाक्यांत बसवीत आलें. आतां आंकडा कसा निपजतो तें शिकावें म्हणतें."

कारण एवढेंच होतें असें नाहीं. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी ही संभाषण करणारी संगणक-यंत्रणा लोकांपुढें आली, आणि पत्रकाचा पहिला खर्डा ती क्षणांत करूं लागली. सूनबाईंच्या विभागांत सातांच्या जागीं चार माणसें उरलीं. त्यांचें वय एकेचाळीस, मुलगा दहावींत, आणि घरावर चढविलेल्या नव्या मजल्याच्या कर्जाचे अकरा वर्षांचे हप्ते शिल्लक.

अशा वेळीं माणसाची जाहिरातीशीं गांठ पडते. सहा महिन्यांत 'डेटा सायंटिस्ट' करून देऊं, नोकरीची हमी, अशी एका खासगी शिकवणी-संस्थेची जाहिरात त्यांच्या फोनवर वारंवार येऊं लागली. शुल्क कांहीं लाख. आणि कर्जाचे कागदहि त्यांच्यापाशींच तयार! मीं अटींचा कागद मागवून घेतला व व्याकरणाचें सूत्र वाचावें तसा वाचला. हमीच्या वाक्यांत 'साहाय्य' असा एक शब्द सांपडला. हमी होती ती नोकरी शोधण्यास साहाय्य करण्याची. तें प्रकरण तेथेंच मिटलें.

पुढें त्यांनीं मद्रासच्या आय.आय.टी.चा पदवी-अभ्यासक्रम निवडला. तो २०२० सालीं निघाला. बारावी उत्तीर्ण आणि दहावीस गणित व इंग्रजी घेतलेल्या कोणाहि माणसास, वय कांहींहि असो, त्याचें दार ठोठावतां येतें. मात्र चार आठवडे अभ्यास करून पात्रता-परीक्षा द्यावी लागते. व्याख्यानें घरीं संगणकावर ऐकावयाचीं, परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावयाची. पायाचे विषय आठ. गणिताचे दोन, संख्याशास्त्राचे दोन, इंग्रजीचे दोन, एक संगणकीय विचारपद्धतीचा आणि एक 'पायथन' या संगणकाच्या भाषेचा. (ही भाषा गीदो व्हान रॉसम या डच गृहस्थानें १९९१ सालीं प्रसिद्ध केली. तिचें नांव सापावरून नसून एका इंग्रजी विनोदी कार्यक्रमावरून घेतलें आहे, हें कळल्यावर आमच्या घरांतील मंडळींचा जीव भांड्यांत पडला.) पहिला टप्पा संपला कीं प्रमाणपत्र, पुढें पदविका, मग पदवी, मध्येंच थांबावें लागलें तरी केलेले श्रम फुकट जात नाहींत. प्रपंचांतल्या माणसाला ही सोय मोठी.

दहावीनंतर पंचवीस वर्षें ज्या गणिताला हात लावला नव्हता तें आतां समोर उभें राहिलें. टेबलाच्या एका बाजूस मुलगा, दुसऱ्या बाजूस आई. आई मुलाचा निबंध तपासी आणि मुलगा आईस वर्गसमीकरण समजावून देई. गणिताच्या दुसऱ्या विषयाला त्यांना दोनदां बसावें लागलें.

मला स्वतःला 'डेटा' या शब्दाचें कुतूहल वाटलें. तो लॅटिन आहे. अर्थ 'दिलेल्या गोष्टी'. आपल्या 'दा' धातूचाच तो भाऊबंद, तेव्हां संस्कृतांत त्यास 'दत्त' म्हणावयास प्रत्यवाय नाहीं. मराठींत 'विदा' असा शब्द कांहीं विद्वान् योजतात. पण 'दत्त' म्हटलें कीं जो प्रश्न आपोआप उभा राहतो तो 'विदा'नें राहत नाहीं: दिलें कोणीं? या शास्त्रांतील केवढे तरी कष्ट या एका प्रश्नापायीं होतात, असें सूनबाईंच्या शेजारीं बसून मला दिसलें. त्यांना सरावासाठीं रोग्यांची एक यादी मिळाली होती. तींत एकच गांव कोठें 'शिरूर', कोठें 'शिरुर', आणि इंग्रजींत आणखी तीन तऱ्हांनीं लिहिलेलें. यंत्राच्या लेखीं हीं पांच गांवें. उलट पुणें जिल्ह्यांत एक शिरूर आणि बीड जिल्ह्यांत दुसरें, तीं दोन्ही यंत्रानें एक करून टाकलीं! ३/४ म्हणजे तीन एप्रिल कीं चार मार्च? वयाच्या रकान्यांत पूज्य आहे. तें तान्हें मूल समजावें, कीं माहिती न मिळाल्यामुळें कारकुनानें जागा भरली आहे? तिघांचीं वयें साठ, सत्तर व ऐंशी आणि चौथ्याचें ठाऊक नाहीं, तर सरासरी सत्तर. चौथ्याच्या जागीं पूज्य मांडा, ती साडेबावन्नांवर येते.

हें पाहून मला पुण्याच्या भांडारकर संस्थेंतील महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम आठवलें. त्याचा आरंभ १९१९ त, समाप्ति १९६६ त. एकेक श्लोक कागदावर मांडून त्याखालीं निरनिराळ्या पोथ्यांतील पाठभेद अक्षरशः उतरावयाचे; लेखकाचा प्रमाद कोणता आणि जुना पाठ कोणता याचा निवाडा मागाहून. १९२५ पासून ज्यांनीं हें काम मार्गास लावलें ते डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर केंब्रिजला गणित शिकलेले. संस्कृताकडे ते पुढें बर्लिनला वळले. दामोदर धर्मानंद कोसंबी फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवीत असतां तक्षशिलेच्या जुन्या नाण्यांच्या वजनांचा अभ्यास करूं लागले, आणि १९४८ सालीं भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ति त्यांनींच काढली. अंक आणि अक्षर यांच्यामधील भिंत शाळेच्या वेळापत्रकानें बांधलेली आहे. या मंडळींस ती आडवी आली नाहीं.

आणखी एक गोष्ट मास्तर म्हणून मला फार आवडली. यंत्राला जुनीं उदाहरणें देऊन शिकवितात व नव्याविषयीं भाकित करावयास लावतात. त्यांतील कांहीं उदाहरणें मुद्दाम झांकून ठेवावीं लागतात. शिकवितांना तीं त्याच्या दृष्टीस पडतां कामा नयेत. कारण यंत्रहि घोकंपट्टी करतें! दिलेलें सर्व बिनचूक म्हणून दाखवितें आणि नवें उदाहरण पुढें ठेवलें कीं गडबडतें. यास 'ओव्हरफिटिंग' म्हणतात. गाइडांतलेच प्रश्न येतील या भरंवशावर परीक्षेस बसणारीं मुलें मीं चौतीस वर्षें पाहिलीं. असें भारदस्त नांव ठाऊक असतें तर प्रगतिपुस्तकांत लिहिलें असतें. पाठांतराची मात्र मी निंदा करीत नाहीं. अमरकोश पाठ असणें निराळें, आणि अमरकोशाबाहेर शब्दच नाहींत असें समजणें निराळें.

सूनबाई अधूनमधून खचत. "मामंजी, सगळें पहिल्यापासून करावें लागतें आहे," असें म्हणत. तेव्हां मी त्यांना वनपर्वांतला नल सांगत असें. राज्य गमावलेला नल, बाहुक हें नांव घेऊन, अयोध्येच्या ऋतुपर्णाच्या पदरीं सारथ्य करीत होता. विदर्भाच्या वाटेवर, कुंडिनपुरास पोंचण्याची घाई असतां, ऋतुपर्णानें एका बेहड्याच्या झाडाकडे नुसतें पाहून त्याच्या दोन फांद्यांवर पांच कोटि पानें व दोन हजार पंचाण्णव फळें आहेत असें सांगितलें. नलानें रथ थांबविला. राजा घाई करीत होता. तरी यानें झाड पाडून फळें मोजलीं, आणि संख्या जमली तेव्हां कोठें ती विद्या मागितली. राजानें त्यास अक्षहृदय दिलें, आणि मोबदल्याचें अश्वहृदय तूर्त तुझ्यापाशींच ठेव म्हणाला. अंकांची विद्या येतांच अंगांतला कलि बाहेर पडला. पण विदर्भापर्यंतची उरलेली वाट घोड्यांच्या जुन्या विद्येनेंच संपली.

कथेनें धीर येतो, वेळ मिळत नाहीं. आमच्यासारख्या दहा-बारा माणसांच्या घरांत वीस वर्षांचा मुलगा परीक्षेस बसला कीं आपण दूरदर्शनचा आवाज बंद करतों, चहा त्याच्या जाग्यावर नेऊन देतों. एकेचाळीस वर्षांच्या सुनेनें पुस्तक उघडलें कीं कोणी तरी विचारतें, "कुकर लावलास का?" तेव्हां घरांतील ज्येष्ठ या नात्यानें मीं ठरवून दिलें कीं रात्रीं साडेआठ ते अकरा त्या विद्यार्थी आहेत. रात्रीचा स्वयंपाक चिरंजीवांनीं उचलला; पहिला महिना सर्वांनीं खिचडीवर काढला. सौभाग्यवतींस हें रुचलें नाहीं. "आमच्या वेळीं कोणी थांबलें होतें का?" असें त्या म्हणाल्या, आणि तें खोटें नव्हतें. बी.ए.चें दुसरें वर्ष अर्धवट टाकून त्या या घरांत आल्या होत्या. तें पुरें करण्याची गोष्ट तेव्हांच्या वडीलधाऱ्यांत कोणीं काढली नाहीं.

त्यांतच पहिल्या सत्राची परीक्षा आणि माझ्या वडिलांचें श्राद्ध एकाच रविवारीं आलें. नातेवाइकांत कुजबूज झाली. माझे वडील विद्यार्थी असतां वार लावून जेवले होते. सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या. आज आमच्याकडे कार्य आहे म्हणून कोणीं पान मागें घेतलें नाहीं, असें ते सांगत. त्यांच्या श्राद्धापायीं घरच्या विद्यार्थ्याची परीक्षा बुडावी हें त्यांस आवडलें नसतें, एवढेंच मीं सर्वांस सांगितलें. सूनबाई सकाळीं हातावर दहीसाखर घेऊन केंद्रावर गेल्या. सायंकाळीं परतल्या तेव्हां सौभाग्यवतींनीं त्यांचें पान झांकून ठेवलें होतें.

पदविकेचा टप्पा चालू असतांच त्यांना एका आरोग्यविषयक संस्थेंत जागा मिळाली. पगार पूर्वीच्या दोन-तृतीयांश. कर्जाची मुदत तीन वर्षांनीं वाढवून घ्यावी लागली व चिरंजीवांनीं मोटार विकली. वरिष्ठ आहेत एकोणतीस वर्षांचे. या धंद्यांतलींहि सोपीं कामें यंत्रें आपण होऊन करूं लागलीं आहेत, तेव्हां पांच वर्षांनीं काय होईल तें मी सांगूं शकत नाहीं. परंतु आंकडे काढणारे पुष्कळ येतात, आंकडा कोठून आला व कितपत विश्वासाचा आहे तें चार ओळींत लिहून देणारे थोडे, म्हणून तुम्हांस घेतलें, असें त्या तरुण वरिष्ठांनींच त्यांना सांगितलें.

गेल्या महिन्यांत त्यांनीं तयार केलेल्या अहवालांतील एका तक्त्यांत एक जागा रिकामीच छापली आहे. ती बरी दिसत नाहीं, शेजारच्या तालुक्यावरून अंदाज घालावा, अशी सूचना आली होती. त्यांनीं ती जागा भरूं दिली नाहीं. खालीं बारीक अक्षरांत 'या तालुक्याची माहिती मिळालेली नाहीं' एवढी तळटीप दिली. पदवीचे विषय अद्याप बरेच उरले आहेत. पुढची परीक्षा डिसेंबरांत आहे.