उन्हाळा, कूलर आणि आमची खोली

मार्च २०२० मध्ये मी अम्मीला ठासून सांगितलं होतं, "फिकीर करू नको, आपल्या लातूरच्या उन्हात हा विषाणू टिकणार नाही." वर्गातल्या मुलांनाही तेच सांगितलं. मास्तर सांगतात म्हटल्यावर सगळ्यांनी मान डोलावली.

एप्रिल २०२१ उजाडला. शिरूर अनंतपाळला ऊन मी म्हणत होतं आणि दुसरी लाट नेमकी तेव्हाच आली. रमजान सुरू होता. आम्ही नऊ जण एकाच खोलीत इफ्तारला बसायचो. बाहेर झळा, म्हणून दारं-खिडक्या बंद. कूलर खोलीच्या आतच ठेवलेला, तीच हवा फिरवत राहायचा. आठवडाभरात पाच जण तापाने पडले. रमजान संपण्याआधीच अब्बांचा दफनविधी झाला.

नंतर मी वाचू लागलो. कडक ऊन विषाणूला मारतं, हे खरं आहे. पण तो माणसाकडून माणसाकडे जातो तो बहुतेक वेळा उन्हातून नाही, बंद खोलीतल्या हवेतून. थंड देशांत फ्लू हिवाळ्यात वाढतो, कारण कोरड्या हवेत तो जास्त टिकतो आणि माणसं घरात कोंडून घेतात. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यातही वाढतो. २००९ चा स्वाइन फ्लू पुण्यात भडकला तो ऑगस्टमध्ये. मराठवाड्यात घरात कोंडून घेण्याचा एक मोसम उन्हाळासुद्धा आहे, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

दाटीचंही तसंच. २०११ च्या जनगणनेनुसार लातूर जिल्ह्यात एका चौरस किलोमीटरमध्ये ३४३ माणसं. मुंबई उपनगरात २० हजारांहून जास्त. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्ततपासणी झाली, तेव्हा झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेलेला आढळला, इतर वस्तीत १६ टक्के. पण गावाभोवती रान मोकळं आणि खोलीत नऊ जण, तर विषाणूच्या दृष्टीने तीही दाटीच.

नवे प्रकार कसे तयार होतात, ते मी आता मुलांना शुद्धलेखनावरून सांगतो. एकच उतारा चाळीस मुलांनी उतरवला की चुका होणारच. बहुतेक चुका निरुपयोगी असतात, एखादीच विषाणूच्या फायद्याची निघते. हवामान ती चूक करत नाही. जितक्या वह्या, तितक्या चुका. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीकडे रुग्ण झपाट्याने वाढले. त्या सुमारास महाराष्ट्रातल्या नमुन्यांत बी.१.६१७ सापडत होता. त्याच्याच एका शाखेला जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ रोजी 'डेल्टा' नाव दिलं.

आता जे लिहायला मला चार वर्षं लागली, ते. एप्रिल २०२० मध्ये शेजारच्या निलंग्यात मशिदीत थांबलेल्या आंध्र प्रदेशातल्या १२ प्रवाशांपैकी ८ जण बाधित निघाले. त्यानंतर ओळखीची माणसंही आमच्याकडे संशयाने बघू लागली. भाजीवाल्याने पैसे हातात घेतले नाहीत. परदेशी तबलिगींवरचे गुन्हे २१ ऑगस्ट २०२० रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केल्याचं म्हटलं, तेव्हा मी निकालाची बातमी चार जणांना मोठ्याने वाचून दाखवली होती.

आणि पुढच्याच वर्षी अब्बा गेल्यावर मी धाकट्या भावाला म्हणालो, "तू पुण्याहून घेऊन आलास." तो काहीच बोलला नाही. दोन ईद तो घरी आला नाही.

विषाणू कुणी आणला, हे आम्हाला कधीच कळणार नाही. खिडकी कुणी बंद केली, हे मात्र मला माहीत आहे. मीच केली होती. भावाला फोन करून हे सांगितलं, तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "कूलर खिडकीत बसवून घ्या, भाईजान. बाहेरची हवा आत येऊ द्या."

या उन्हाळ्यात बसवून घेतला. खोली आधीसारखी गार होत नाही, पण समोरचं दार उघडं ठेवतो. बकरी ईदला भाऊ येणार आहे.