बाकावरच्या जोड्या आणि प्रकाशाचा संगणक

वर्गातली मुलं बाकांवर बसवणं हे मास्तरचं जुनं काम. कुणाचं कुणाशी जमतं ते बघून दोघादोघांच्या जोड्या लावायच्या, एकटं कुणी उरता कामा नये. अशी एखादी मांडणी पटकन सापडते. पण मांडण्या एकूण किती? दहा मुलं आणि सगळ्यांचं सगळ्यांशी जमत असेल तर ९४५. वीस मुलं असली की ६५ कोटींच्या वर. त्यात काहींचं भांडण असलं, तर सोपं सूत्रही उरत नाही.

गणितात मुलं म्हणजे बिंदू, मैत्री म्हणजे रेषा आणि सगळं चित्र म्हणजे आलेख. जोड्या लावण्याच्या या मोजणीला ‘हाफ्नियन’ म्हणतात. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ एदुआर्दो कायानिएल्लो यांनी हे नाव कोपनहेगनच्या लॅटिन नावावरून ठेवलं.

मला भावलं ते पुढचं. एका खास प्रकारच्या प्रकाशात फोटॉन जोडीनेच जन्मतात. असा प्रकाश आरशांच्या जाळ्यातून सोडायचा. जाळं आलेखाप्रमाणे जुळवलेलं असेल, तर ज्या बिंदूंच्या गटात जोड्या लावायच्या रीती जास्त, त्या गटाचे शोधक एकत्र वाजण्याची शक्यताही जास्त. प्रकाश आकडा सांगत नाही, नुसता कौल देतो. पण मोठ्या आलेखात दाट विणलेला गट हुडकायला तेवढाही उपयोगी पडतो.

चीनमधल्या हफेईच्या संशोधकांनी २०२३ साली १४४ वाटांच्या ‘जिउझांग’ यंत्रावर अशी दोन कोडी घातली. आंधळ्या शोधापेक्षा यंत्राची मदत घेतलेला शोध सरस ठरला. भाच्याने लगेच मला एका क्लासची जाहिरात पाठवली: तीन महिन्यांत क्वांटम, फी भलीमोठी. “मामू, साधा कॉम्प्युटर आता गेला. नाव घालू का?” घरचा कर्जाचा हप्ता चुकवून फी भरायची त्याच्या अब्बांची तयारी होती. मी म्हटलं, बेटा, आधी मॅट्रिक्स पक्की कर, ती कॉलेजात फुकट शिकवतात.

आणि त्याच वर्षी आलेला दुसरा निबंध त्याला दाखवला. चांगहुन ओ आणि सहकाऱ्यांचा. रेषांवरचे आकडे ऋण नसतील, तर साध्या संगणकावर चालणारी त्यांची रीत या कोड्यांत प्रकाशयंत्राच्या बरोबरीने उतरते, असं त्यांचं म्हणणं. व्यवहारातल्या बऱ्याच आलेखांत आकडे ऋण नसतातच. हा निबंध त्या जाहिरातीत कुठेच नव्हता.